आपानच्या माळावरील पुल्केच्या गढ्या



मद्य गाळणाऱ्या गढ्यांची सफर हा विषय वसंतातल्या व्याख्यानाला निवडला, म्हणून तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण आपल्या शेताच्या बांधावर जे घायपात उभे असते, ज्याच्या वाखाचे आपण दोर वळतो, त्या घायपाताचे माहेर मेक्सिको. त्याच कुळातल्या एका थोराड भावंडाने तिकडे जमीनदारांची घराणी पोसली, राज्याची आबकारी भरली, आणि हजारो सालगड्यांचे आयुष्य खाल्ले. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

मेक्सिको शहराच्या ईशान्येस सुमारे ९० किलोमीटरवर आपान नावाचे गाव आहे. भोवती इदाल्गो आणि त्लाक्स्काला या दोन राज्यांत पसरलेला, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटर उंचीचा कोरडा माळ. पाण्याचे दुर्भिक्ष इतके की, सोळाव्या शतकात पाद्रे तेंब्लेके या फ्रान्सिस्कन साधूने सेम्पोआलाहून ओतुम्बापर्यंत पाणी नेण्यासाठी १५५५ ते १५७२ अशी सतरा वर्षे खर्चून नळ बांधला. त्याच्या कमानी आजही उभ्या आहेत. अशा मुलखात जे झाड पावसाची वाट न पाहता स्वतःच्या पोटात रस साठवते, त्याला लोकांनी देवता मानले यात नवल काय? मायावेल हे त्या देवतेचे नाव.

त्या झाडाला मागे म्हणतात. ते वाढायला आठ-दहा वर्षे, कधी बाराही लागतात. फुलोऱ्याचा दांडा वर येण्याच्या बेतात असताना त्याचा गाभा कापतात. मग फुलाकडे जायचा गोड रस त्या खळग्यात झिरपू लागतो. त्लाचिकेरो, म्हणजे रस काढणारा गडी, सकाळ-संध्याकाळ येतो, दोन्ही टोकांना भोक पाडलेला लांबट वाळका भोपळा खळग्यात बुडवतो, तोंडाने रस ओढतो आणि पखालीत किंवा पिंपात ओततो. मग खळगा खरवडून झाकून ठेवतो. तीन-चार महिने, क्वचित सहा महिने, हे चालते आणि झाड मरते.

आपला भंडारी माडाला वर्षानुवर्षे छेदतो, तरी माड जगतो. मागेचे तसे नाही. ज्याला दरसाल रस हवा, त्याने दहा वेगवेगळ्या वयांची झाडे एकाच वेळी जमिनीवर उभी ठेवली पाहिजेत. विस्तीर्ण जमीन आणि वाट पाहण्याइतके भांडवल ज्याच्यापाशी, तोच शहराला रोजचा पुरवठा करू शकणार. या गढ्यांचा सगळा इतिहास मला त्या झाडाच्या या एका स्वभावात दिसतो.

स्पॅनिशांपूर्वी या पेयावर कडक बंधने होती. म्हाताऱ्यांना मुभा, तरुणाला झिंगल्याबद्दल जबर शिक्षा. १५२१ मध्ये राजधानी पडली, जुना धाक सुटला आणि पुल्के बाजारात आले. १६९२ साली मक्याच्या टंचाईने मेक्सिको शहरात दंगल उसळली, व्हाइसरॉयचा राजवाडा पेटला. सरकारने दोष पुल्केवर ठेवून ते बंद केले. पण १६९७ मध्ये बंदी उठली. कराचे उत्पन्न बुडालेले कोणत्या सरकारला फार दिवस सोसते? या मुलखात जेझुइट संघाच्याही मोठ्या इस्टेटी होत्या. १७६७ मध्ये त्यांना हद्दपार केल्यावर सांता लुसियासारख्या त्यांच्या इस्टेटी चांदीच्या खाणींवर गबर झालेल्या रेग्लाच्या काउंटने १७७६ साली विकत घेतल्या.

परंतु खरे वैभव आणले आगगाडीने. पुल्के दोन-चार दिवसांत नासते. खेचरांच्या पाठीवर ते जितके दूर जाईल तितकाच त्याचा बाजार. मेक्सिको शहर ते वेराक्रूझ हा लोहमार्ग १ जानेवारी १८७३ रोजी पुरा झाला, तो नेमका या माळावरून गेला. आणि काही तासांत पिंपे शहरात उतरू लागली. इग्नासियो तोर्रेस आदालिद हे ओमेतुस्कोचे मालक ‘पुल्केचा राजा’ म्हणूनच ओळखले जात. १९०९ मध्ये या बड्या मालकांनी विक्रीसाठी एक कंपनीच काढून राजधानीतला बाजार मुठीत घेतला.

आज तेथे जाणारा प्रवासी काय पाहतो? कोपऱ्यांवर बुरूज असलेली, आपल्याकडच्या देशमुखी गढीची आठवण देणारी तटबंदी, आत देवघर, म्हणजे चॅपेल, मालकाचा महाल. तेकाहेतेची गढी आन्तोनियो रिवास मेर्कादो या वास्तुशिल्पज्ञाच्या हातची. राजधानीतला १९१० चा स्वातंत्र्यस्तंभही त्यांचाच. सोल्तेपेकची गढी आता हॉटेल आहे. हे सगळे प्रेक्षणीय खरेच. पण वाटाड्या दिवाणखान्यातल्या आरशांपाशी रेंगाळू लागला, तर त्याला हाताला धरून तिनाकालमध्ये न्यावे, असे मी म्हणेन.

तिनाकाल म्हणजे रस आंबवण्याची लांबच लांब कोठी. लाकडी चौकटींवर गाईची कातडी ताणून केलेल्या टाक्या तेथे ओळीने असत. आत शिरताना टोपी काढायची, कामाच्या आरंभी-अखेरीस स्तोत्र म्हणायचे; आणि पुष्कळ ठिकाणी बाईने उंबरठा ओलांडायचा नाही, नाहीतर पुल्के नासते! (नासण्याचे खापर कोणावर फोडायचे, यात दोन्ही खंडांतल्या पुरुषांचे एकमत दिसते.)

तेथून पुढे कालपानेरिया, म्हणजे गड्यांच्या खोल्यांची रांग. एका बिऱ्हाडाला एक खोली. शेजारी मालकाचेच दुकान. मजुरी तेथेच उधारीत वळती व्हायची, आणि कर्ज फिटेपर्यंत गढी सोडणे कठीण. पाहुण्यांसाठी महालाची डागडुजी होते; या खोल्यांची छपरे मात्र बहुतेक ठिकाणी कोसळली आहेत. ज्यांनी पहाटे भोपळा घेऊन माळ तुडवला, त्यांच्या घराचे एवढेच अवशेष उरावेत, हे मला खटकते.

१९१० ची क्रांती झाली, १९१५ चा जमीनविषयक कायदा आला, आणि लासारो कार्देनास यांच्या १९३४ ते १९४० च्या कारकिर्दीत मोठाल्या इस्टेटी फोडून जमिनी गावांना वाटल्या गेल्या. गडी सुटले. पण पुल्केला दुसरा शत्रू भेटला होता : बिअर. बाटलीत टिकणारी, दूर जाणारी, ‘स्वच्छ’ म्हणवणारी. पुल्केत विरजण म्हणून शेण घालतात, अशी आवई उठली आणि ती लोकांच्या मनात पक्की बसली. शेतकऱ्यालाही दहा वर्षे थांबवणाऱ्या झाडापेक्षा सहा महिन्यांत हाती येणारे बार्ली बरे वाटले. ज्या माळावर मागेच्या रांगा होत्या, तेथे बिअरचे बार्ली डोलू लागले, आणि २०१९ मध्ये खुद्द आपानला बिअरचा मोठा कारखाना सुरू झाला.

तरी रस काढणारे संपलेले नाहीत. काही शेतकरी बार्लीच्या बांधावर पुन्हा मागेची रोपे लावत आहेत. राजधानीतल्या तरुणांना अलीकडे या पेयाची गोडी लागली आहे, त्यामुळे गिऱ्हाईक आहे, त्रास चोरांचा. मांस गुंडाळून शिजवण्यासाठी पानाचा पातळ पापुद्रा लागतो. तो रात्री सोलून नेतात आणि दहा वर्षांचे झाड वाया जाते. म्हणून रस भरला की कित्येक त्लाचिकेरो बांधावरून एक फेरी घालतात, आणि मगच घरी जातात.