पितळेची पुंगळी

दिवाळी आली की माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात, चिंचेच्या कोळाने घासली जातात आणि देवघरातल्या समया लखलखू लागतात. अंगणात मुले फटाक्यांत दंग असतात. पितळ आणि दारू यांची घरात एरवी अशी दुरूनच भेट होते. परंतु ही दोन जिथे एकत्र नांदतात, त्या बंदुकीच्या काडतुसाची कथा मोठी मनोरंजक आहे. आणि तिचा एक धागा आपल्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथपर्यंत येऊन पोचतो.

काडतूस प्रथम कागदाचे होते. शिपायाने ते दातांनी तोडावे, दारू नळीत ओतावी आणि वर गोळी ठासावी, अशी रीत. त्या कागदाला लावलेल्या चरबीच्या वार्तेने १८५७ च्या आरंभी डमडमला जी ठिणगी पडली, ती शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पुढे पितळ आले. पण इंग्रजांनी १८६६ च्या सुमारास स्वीकारलेले बॉक्सर काडतूस म्हणजे पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी होती. सुदानात १८८५ साली अबू क्लीच्या लढाईत या पुंगळ्या तापलेल्या बंदुकीत अडकून बसल्या. ऐन हातघाईत बंदुकीची लाठी झाली! तेव्हापासून एकसंध पितळेच्या पुंगळीचा आग्रह वाढला.

ती घडते कशी? सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या पितळाची आधी लहानशी वाटी करतात. ती वाटी एकामागून एक अशा अरुंद होत जाणाऱ्या साच्यांतून, म्हणजे कारखान्याच्या भाषेत डायमधून, दाबून ओढली की लांबते. मात्र दर खेपेस पितळ हट्टी होते, कडक बनते. मग त्याला भट्टीत ताव द्यावा लागतो. आपल्या तांबट आळीतला कारागीर हेच करीत आला आहे: ठोकायचे, तापवायचे, पुन्हा ठोकायचे. घागर आणि काडतूस या दोघी एकाच माहेरच्या म्हणावयास हरकत नाही.

गोळी सुटते तेव्हा पुंगळी फुगून बंदुकीच्या कोठीला घट्ट बिलगते, त्यामुळे ज्वाळा मागे येत नाही. मग ती थोडी आवळते, पण पूर्वीच्या मापावर येत नाही. युरोप-अमेरिकेतील हौशी नेमबाज अशी वापरलेली पुंगळी घरीच डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणतात. आणि डाय कोणता घ्यावा, यावर त्यांच्यात चांगले वाद रंगतात. एक डाय सबंध पुंगळी दाबतो, दुसरा नुसता गळा. गळाच दाबला तर पितळाला त्रास कमी आणि पुंगळी अधिक टिकते. पण ती ज्या बंदुकीतून सुटली, तिच्याच अंगाला बसते. म्हणजे शिंप्याने माप घेऊन शिवलेला सदराच! सैन्याला असे लाड परवडत नाहीत. तिथे कोणतेही काडतूस कोणत्याही जवानाच्या बंदुकीत बिनबोभाट बसले पाहिजे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्यावाचून दारूगोळा बनविता येत नाही, म्हणून डायचा हा विचार मुख्यतः कारखान्याच्या भिंतींआडच चालतो.

आणि तो विचार किती गंभीर, हे आपल्याच पावसाने जगाला शिकविले. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात मोहिमा थांबत आणि दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पाहावे तो चांगल्या दिसणाऱ्या पुंगळ्या तडकलेल्या! या रोगाला ‘ऋतूची तडक’ असेच नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचे कारण उलगडून दाखविले. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो. दमट हवेत तो पितळाला झोंबतो. आणि साच्यात दबल्याने ज्या पितळाच्या पोटात ताण राहिलेला असतो, ते फुटते. शेवटी मंद आच देऊन तो ताण उतरविणे, हाच उपाय ठरला. दाबणाऱ्या डायइतकीच शांत करणारी भट्टीही महत्त्वाची.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, भुसावळजवळच्या वरणगावचा १९६४ चा. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत पितळ, अ‍ॅल्युमिनियम अशा धातूंचे काम चालत आले, आणि तिच्या शेजारी १९५३ साली यंत्रांचे नमुने घडविणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना उभा राहिला. २०२१ मध्ये सरकारने आयुध निर्माणींच्या कंपन्या केल्या, तेव्हा हे दोघे शेजारी दोन निरनिराळ्या कंपन्यांत गेले. पलीकडचे उल्हासनगर हेही युद्धाचेच अपत्य: दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली नवे नगर वसले. बदलापूरच्या नावामागे सैन्याचे घोडे येथे बदलत, अशी कथा लोक सांगतात.

उल्हास नदीच्या या खोऱ्यात कोकणचा पाऊस धो धो कोसळतो. १०६० सालच्या शिलालेखाचे अंबरनाथचे शिवमंदिर तो साडेनऊशे वर्षे सोशीत उभे आहे. दगडाला ते साधले. पितळाला त्यासाठी माणसाच्या हातची योग्य आच लागते. सीमेवर पहारा करणाऱ्या जवानाला तो हात कधी दिसत नाही. पण चाप ओढताना त्याचा भरवसा त्या हातावरच असतो. यंदा पणती लावताना त्या जवानाबरोबर भट्टीपुढच्या कामगाराचीही आठवण ठेवू या.