एक प्रत दुसऱ्या गावी

१० मार्च २०२१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ‘एसबीजी-२’ ही पाच मजली इमारत जळून खाक झाली, शेजारच्या ‘एसबीजी-१’चा काही भागही गेला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, पण लाखो संकेतस्थळे त्या रात्री बंद पडली. कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी ग्राहकांना सांगितले, की आपापली आपत्कालीन योजना अमलात आणा. ज्यांच्याकडे अशी योजना होती ते सावरले. ‘रस्ट’ या ऑनलाइन खेळाच्या २५ सर्व्हरांवरची माहिती मात्र कायमची गेली.

या आगीतली सर्वांत बोलकी गोष्ट पुढे न्यायालयात आली. काही ग्राहकांनी बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजले होते, पण तो बॅकअपही त्याच आवारात होता. मूळ आणि प्रत एकाच आगीत गेली. २०२३ मध्ये लील येथील व्यापारी न्यायालयाने अशा एका ग्राहकाला भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई मिळाली म्हणून माहिती परत येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

प्रत दुसऱ्या गावी असावी, हे शहाणपण संगणकापेक्षा फार जुने आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरवली गेली आणि हातोहात पाठभेदही शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला. हे करता आले, कारण प्रती वेगवेगळ्या हातांत होत्या. सगळ्या एकाच मठात असत्या आणि त्या मठाला वाळवी लागली असती, तर शुद्ध करायला काय उरले असते?

संकेतस्थळांच्या जगाला हा धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागला. २००९ हे वर्ष त्यात महत्त्वाचे. जानेवारीत मॅग्नोलिया या, लोकांच्या आवडत्या दुव्यांचा संग्रह करणाऱ्या सेवेचा सुमारे अर्धा टेराबाइटचा डेटाबेस बिघडला. बॅकअप होता, पण तो मूळ फाइलचीच हुबेहूब नक्कल करत राहणारा. मूळ बिघडले तेव्हा बिघाडाचीही इमाने इतबारे नक्कल झाली. म्हणून कालची, मागच्या आठवड्याची आणि मागच्या महिन्याची अशा जुन्या प्रतीही वेगळ्या ठेवाव्या लागतात.

त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला याहूने जिओसिटीज बंद केले. इथे ना आग लागली, ना डेटाबेस बिघडला. मालकाने दुकान बंद केले, इतकेच. १९९४ मध्ये सुरू झालेली आणि १९९९ मध्ये याहूने अब्जावधी डॉलर मोजून विकत घेतलेली ही सेवा म्हणजे सामान्य माणसाचे इंटरनेटवरचे पहिले घर. सूचना काही महिने आधी मिळाली होती, पण कित्येकांनी आपले पान कधीच मागे टाकले होते. जेसन स्कॉट यांच्या ‘आर्काइव्ह टीम’ने धावपळ करून जमेल तेवढे उतरवून घेतले. तो साठा सहाशे जीबीहून मोठा भरला. तरी ते परक्यांनी परक्यांसाठी केलेले वाचवणे होते. त्यात आपले पान सापडले, तर नशीब.

प्रत आहे आणि ती उघडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण वेळेला त्यातली एकही धड उपयोगी पडली नाही. सहा तासांपूर्वी एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या प्रतीने त्यांना वाचवले.

मराठी मजकुराला याशिवाय आणखी दोन धोके. युनिकोड रुळण्यापूर्वीची पाने शिवाजी, किरण अशा फॉण्टांत आहेत. फॉण्ट जपला नाही, तर पान असूनही रोमन अक्षरांची रांगच दिसते. दुसरा धोका डेटाबेसचा. मायएसक्यूएलची मूळ अक्षरसंहिता २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत लॅटिन होती. त्यामुळे जुन्या स्थळाची प्रत काढताना संहिता चुकली, तर देवनागरीच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे उमटतात. प्रतीचा आकार मात्र ठीक दिसतो. म्हणून प्रत नुसती मोजायची नाही, उघडून वाचायची.

परदेशातल्या मराठी मंडळांची तर ही रोजची गोष्ट आहे. समिती दर एक-दोन वर्षांनी बदलते. सर्व्हरचे खाते एका उत्साही स्वयंसेवकाच्या नावावर, पैसे त्याच्याच कार्डातून. तो गाव बदलतो, कार्डाची मुदत संपते, आणि वीस वर्षांचे दिवाळी अंक, नाटकांचे फोटो, गेलेल्या ज्येष्ठांच्या आठवणी एका न वाचलेल्या ईमेलपायी नाहीशा होतात. हा मजकूर कुठल्याही ग्रंथालयात नसतो. इथे मराठी माणसे कशी राहिली, याचा तोच एक दाखला असतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ च्या सुमारास मांडलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. संकेतस्थळासाठी म्हणायचे तर फाइली आणि डेटाबेस दोन्ही उतरवावेत, एक प्रत वेगळ्या कंपनीकडे ठेवावी आणि एक समितीतल्या कुणाच्या तरी घरी, हार्ड डिस्कवर. डोमेनचे नाव आणि पासवर्ड किमान दोघांना माहीत असावेत. वर्षातून एकदा ती प्रत कोऱ्या सर्व्हरवर चढवून पाहावी आणि एखादा जुना लेख वाचावा. नव्या समितीला हिशेबाची वही देतो, त्याच दिवशी ही डिस्कही द्यावी.