किटली कशाची?



गेल्या दिवाळीत नणंदेने हौसेने चहाचा पांढराशुभ्र सेट दिला. किटलीच्या तळाशी 'बोन चायना' असे लिहिले होते. सासूबाईंनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "आपण पाणी गाळून घेतो, मग भांडं कशाचं ते बघायला नको?" नणंदेचा चेहरा उतरला. तेव्हापासून मी या भांड्यांचा इतिहास वाचते आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहाचे वेड वाढले. साधा कप चाकावर होतो. पैलूदार, उठावाच्या नक्षीची किटली चाकावर होत नाही. म्हणून स्टॅफर्डशायरचे कुंभार पातळ केलेली माती साच्यात ओतू लागले. आधी साचे भाजलेल्या मातीचे असत. १७४० च्या दशकात प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे आले. कोब्रिजच्या राल्फ डॅनियलने ती रीत फ्रान्सहून आणली, असे सांगतात.

रीत सोपी आहे. सायीसारखी दाट माती कोरड्या साच्यात काठोकाठ ओतायची. प्लास्टर पाणी शोषते, आणि आतल्या बाजूला मातीचा थर धरतो. थर हवा तेवढा जाड झाला की उरलेली माती ओतून काढायची. थर सुकताना आकसतो, साच्यापासून सुटतो, आणि पोकळ किटली हाती येते. मग साचा वाळवून पुन्हा वापरायचा. एका नमुन्याच्या शेकडो किटल्या अशा निघू लागल्या.

पण साचा आकार तेवढा देतो. आत काय ओतले, ते किटली बघून कळत नाही. त्याच दशकात लंडनजवळच्या बो कारखान्यात थॉमस फ्रायने मातीत हाडांची राख मिसळली. १७९० च्या दशकात स्टोक गावी जोसाया स्पोडने आजचे बोन चायना घडवले: जवळजवळ निम्मी गुराढोरांच्या हाडांची राख, बाकी केओलिन आणि कॉर्नवॉलचा दगड. त्याने भांडे पांढरे, पातळ तरी मजबूत होते.

चीनच्या मूळ पोर्सेलीनमध्ये मात्र हाड नाही. केओलिन आणि दगडाची पूड असते. स्टोनवेअरही मातीचेच. म्हणजे चिनी मातीची सगळी भांडी वर्ज्य नाहीत. तळ वाचा, दुकानदाराला विचारा.

नणंदेला मी हे सगळे सांगितले. सेट तिने परत नेला. पाडव्याला स्टोनवेअरची तपकिरी किटली घेऊन आली. पहिला कप सासूबाईंनी तिलाच दिला.