धाटावची कुंडलिका

आमचे ज्ञातिबांधव धाटावला येतात ते बहुधा औद्योगिक वसाहतीतील नोकरीच्या निमित्ताने. त्यांनी घटकाभर कुंडलिकेच्या काठी बसावे, असे आम्हांस वाटते. अवचितगड, रोह्याचे धावीर महाराजांचे देवालय ही स्थळे आहेतच. कोलाडास हल्ली नौकाविहाराचीही हौस भागते. कोकणातील कितीतरी नद्या चैत्रात आटतात, ही मात्र वाहते. कारण तिचे सारे पाणी तिचे नव्हे! घाटमाथ्यावर मुळशीस मुळा नदी अडवून ते पाणी भिरा येथील वीजगृहात उतरविले जाते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. त्या धरणात मावळातील गावे बुडाली. ती वाचावीत म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला. त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट त्यामुळेच 'सेनापती' म्हणविले गेले. माणसे तुरुंगात गेली, धरण मात्र झाले. वर्गात आम्ही हा लढा पुण्याकडचा म्हणून शिकविला. आपल्या नदीशी असलेले त्याचे नाते मुलांस कधी सांगितले नाही, ही चूक आमची. भिऱ्याहून पाणी सुटले की नदी चढते. तेव्हा मुलांस पाण्यात उतरविण्यापूर्वी काठच्या माणसांस वेळ विचारून घ्यावी.