जोडेघाटचे बंड

आपल्या शेंदूरजनाघाटाच्या वर सातपुडा चढू लागला की गोंडांची वस्ती लागते. तिथली माणसे बाजाराला खाली उतरतात, संत्र्याच्या बागांत कामाला येतात. त्यांच्याच जातभाईंनी एकदा वेगळे गोंडराज्य मागून शस्त्र उचलले होते. ते ठिकाण इथून लांब, चांद्याच्याही दक्षिणेला. निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात आसिफाबादजवळ जोडेघाट म्हणून डोंगर आहे. साल १९४०.

आता भांडण कशाचे, ते पाहा. डोंगरातली जमीन हलकी. गोंड दोन-चार वर्षे पेरायचा, जमीन थकली की पडीत टाकायचा, आणि पुढे केव्हातरी तिथेच परत यायचा. सरकारी मोजणीदाराला ती पडीत दिसली. त्याने ती जंगलात धरली. राखीव जंगलाची हद्द लोकांच्या शेतांतून गेली, आणि बापजाद्यांची वहिवाट एका दिवसात चोरी ठरली! खाली सपाटीला दुसराच प्रकार. पट्टा कशाशी खातात हे गोंडाला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक होते त्याच्या नावावर रान चढले. त्यात जंगल शिपायाची चिरीमिरी वेगळीच.

कुमरम भीम हा असाच एक कास्तकार. त्याने आणि त्याच्या माणसांनी रान मोडून पेरले, शिपायांनी झोपड्या पेटवल्या. त्याने वरपर्यंत दाद मागितली, ती लागली नाही. बारा गावांचे राज्य आम्हांला द्या, असे तो म्हणाला म्हणून सांगतात. सरकारने तेवढेच ऐकले आणि बंड म्हणून नोंदले. माझ्या मते आधीचे अर्ज वाचले असते, तर राज्याची गोष्टच निघाली नसती. पोलीस डोंगरावर चढले, गोळीबार झाला. भीम आणि त्याचे साथीदार पडले.

मग सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन पंडित महायुद्धामुळे निजामाच्या राज्यात अडकून पडले होते. त्यांना गोंडांचे गाऱ्हाणे तपासायला धाडले. ते मारलावाई गावी गोंडांतच राहिले. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. शिक्षक बंधूंनी ध्यानात घ्यावे, की गोंडी भाषेची ती पुस्तके देवनागरीत छापली. कारण त्या भागातल्या गोंडांना मराठीची ओळख होती. जमिनीचे पट्टेही वाटले गेले, १९४९ पर्यंत दीड लाख एकरांच्या वर.

पण कागद हाती आला म्हणून रान हाती राहतेच असे नाही. पुढे बाहेरचे लोक आले, सावकारी आली, पट्ट्यांचे रान पुन्हा हातचे जाऊ लागले. २० एप्रिल १९८१ रोजी त्याच जिल्ह्यात, इंद्रवेल्ली इथे, गोंड पुन्हा जमिनीसाठी गोळा झाले, आणि पुन्हा पोलिसांची गोळी चालली. तेव्हा निजाम जाऊन तेहतीस वर्षे होत आली होती.