शाकारणी : गळत्या छपराचा इतिहास

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु बांधलेलें घर राखणें हें बांधण्याहूनही चिकाटीचें काम आहे, आणि त्या कामांत मनुष्याचा सर्वांत जुना प्रतिस्पर्धी म्हणजे पाणी. किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या कथा बखरींत सांपडतात. गळतीखालीं ठेवलेल्या पातेल्याची कथा कोणी लिहून ठेवीत नाहीं. तथापि सामान्य गृहस्थाच्या घराचा इतिहास पाहूं गेल्यास तो बव्हंशीं या पातेल्याचाच इतिहास ठरेल.

हा प्रश्न एकट्या घरधन्याचा नव्हे, हें प्राचीनांनींही ओळखिलें होतें. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, पाण्यानें दुसऱ्याच्या भिंतीस उपद्रव देणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. शेजारशेजारच्या छपरांच्या कडांत चार अंगुळें अंतर असावें, किंवा एकीनें दुसरीस झांकावें, असेंही तेथें म्हटलें आहे. पागोळीचें पाणी शेजाऱ्याच्या भिंतींत मुरलें म्हणजे भांडण उभें राहावयाचें, हा अनुभव तेव्हांही नवा नव्हता.

कोंकणांत वर्षाकाठीं १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथें उतरतें छप्पर हाच उपाय. गरिबाच्या घरावर गवत किंवा भाताचा पेंढा असे, आणि सुस्थिताच्या घरावर कुंभारानें भाजलेले अर्धगोल नळे. नळ्यांची एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यावर दुसरी पालथी, अशी ती रचना. ती निव्वळ स्वतःच्या वजनावर टिके. त्यामुळें वाऱ्यानें, मांजरांनीं आणि माकडांनीं नळे सरकत. म्हणून मृग लागण्यापूर्वीं दरवर्षीं शाकारणी होई. नळे उतरावयाचे, फुटके वेगळे काढावयाचे, शेवाळ झाडावयाचें, वासे आणि रिपा ठोकून पाहावयाच्या, आणि मग वळचणीपासून आढ्यापर्यंत छप्पर पुन्हां रचावयाचें. गळती लागल्यावर धांवणें नव्हे, तर ती लागण्यापूर्वींच घर उघडून पाहणें, हें या पद्धतीचें मर्म होतें.

१८६५ सालीं मंगळूर येथें बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनीं कौलांचा कारखाना काढला. यंत्रानें दाबलेलीं हीं चपटीं कौलें कडांच्या खांचांनीं एकमेकांत अडकत. वजनानें हलकीं आणि सरकण्यास अवघड. मंगळुरी कौल लवकरच सर्व पश्चिम किनाऱ्यावर पसरलें. घरधन्याचे श्रम वांचले. परंतु वर्षांतून एकदां वासे आणि रिपा डोळ्यांखालून घालण्याची संवयही त्यांबरोबर सुटूं लागली.

घाटावर, विशेषतः सोलापूर, लातूर, धाराशिव या भागांत, पाऊस याच्या एक-चतुर्थांशाएवढाच. तेथें माळवद शोभून दिसे. तुळयांवर लांकडी किलचण, तीवर पाला-काटक्या आणि त्यांवर चोपलेली पांढरी माती. उन्हाळ्यांत घर थंड राही, आणि धान्य वाळविण्यास व रात्रीं निजण्यास वर अंगण मिळे. मात्र झड लागली कीं माळवद ठिबकूं लागे. त्यावर उपाय सोपा होता : आणखी चार पाट्या माती टाकून ती चोपणें. जुनी माती खालीं उतरविण्याचे श्रम कोण घेणार? वर्षावर वर्षें लोटलीं, थरावर थर चढले. पुष्कळ घरांवर मातीची जाडी हातभर, कोठें त्याहूनही अधिक झाली.

एक घनमीटर मातीचें वजन सुमारें दीड टन भरतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, तेव्हां दगडमातीच्या जाड भिंती खचल्या आणि ती सारी माती निजलेल्या माणसांवर आली. सुमारें ८,००० माणसें दगावलीं. पिढ्यान्‌पिढ्या पावसापासून राखण्यासाठीं जें डोक्यावर चढविलें, तेंच त्यांच्या मृत्यूचें एक कारण झालें. गळती बंद झाली होती. भार मात्र कोणी मोजला नव्हता.

शहरांतील कथा निराळी दिसली तरी तात्पर्य तेंच. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्यानें पुष्कळ घरांचीं भाडीं १९४० च्या पातळीवर गोठलीं. भाडेकऱ्यास आधार मिळाला, परंतु दुरुस्तीचा खर्च कोणाचा हा वाद चाळींच्या छपरांतून गळतच राहिला. अखेर १९६९ च्या कायद्यानें इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापावें लागलें. सिमेंट-काँक्रीटच्या गच्चीनेंही चिंता संपली नाहीं. आंत पाणी मुरलें कीं लोखंडी सळई गंजते, गंजतांना फुगते आणि भोंवतालचें काँक्रीट फोडते. वरून दिलेल्या गिलाव्यानें तें कांहीं काळ दिसेनासें होतें, इतकेंच.

जुन्या गवंड्यांचा क्रम यासाठींच स्मरणांत ठेवण्याजोगा आहे. प्रथम पाण्याची वाट शोधावी. कारण पाणी वाशावरून वाहत जातें, आणि डाग पडतो तेथेंच छिद्र असतें असें नाहीं. मग ती वाट बंद करून भिजलेला भाग उघडा ठेवावा, भिंतीस पुरते दिवस वाळूं द्यावें. ओल्या भिंतीवर घाईनें गिलावा चढविला तर लोणा लागतो आणि पोपडे सुटतात. सडलेलें लांकूड काढून टाकावें, आणि चुना व रंग यांना सर्वांच्या शेवटीं स्थान द्यावें. या क्रमांत झांकणें शेवटीं येतें, आणि उघडून पाहणें प्रथम. पहिली पागोळी पडण्यापूर्वीं ज्या घरांत हा क्रम पाळला जातो, तेथील पातेलें चुलीवरच राहतें.