एका शाळेत शिकलो, म्हणजे नक्की काय?

दिवाळीच्या सुट्टीत परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावच्या शाळेवरून जा, एखादा तरी स्नेहमेळावा चालू दिसतो. फेटे बांधलेले चाळिशीतले विद्यार्थी, शाल-श्रीफळ हातात घेऊन संकोचलेले निवृत्त गुरुजी, पुन्हा एकदा हजेरी, ग्रुप फोटो, जेवण. रात्री व्हॉट्सॲपवर फोटोंचा पाऊस. आठवड्याभरानं त्याच ग्रुपवर पुन्हा नुसतं 'शुभ सकाळ'.

याला हसायचं कारण नाही, आपणही त्यातलेच. पण एक प्रश्न पडतो. एका शाळेत शिकलो, एवढ्याशा नात्यात बळ किती असतं? उत्तरासाठी थोडं मागं जाऊ.

तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. जिल्हाही मोठा: आजचं हिंगोली, वसमत, जालन्यात गेलेलं परतूर, सगळं त्यात. शाळा मोजक्या. प्राथमिकच्या पुढं गेलं की शिक्षण उर्दूतून. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागायची. अगदी १९५१ च्या जनगणनेतसुद्धा हैदराबाद राज्यात शंभरात दहा माणसंही साक्षर नव्हती.

अशा काळात १९२१ साली उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परगा गावात व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. पुढं तिथं मुख्याध्यापक म्हणून आले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच आपले स्वामी रामानंद तीर्थ. १९३५ साली स्वामीजी आणि बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईला योगेश्वरीत आले. बघा, मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचा सर्वांत मोठा नेता मुळात हेडमास्तर होता. त्याचा पहिला गोतावळा वर्गातला.

आता परभणीचा मुलगा. आपलं स्टेशन मनमाड–सिकंदराबाद मार्गावर. कॉलेजला जायचं तर एका टोकाला औरंगाबाद, दुसऱ्या टोकाला हैदराबाद. आणि १९३८ च्या अखेरीस नेमक्या याच दोन्ही ठिकाणी ठिणगी पडली. औरंगाबादच्या सरकारी कॉलेजच्या वसतिगृहात मुलं प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायची. त्यावर बंदी आली. मुलांनी ती मानली नाही. लोण उस्मानियाच्या वसतिगृहांत पोचलं आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावं पटावरून कमी झाली.

त्या घरांत काय झालं असेल, विचार करा. बापानं शेत गहाण टाकून शिकायला पाठवलेलं पोर वळकटी घेऊन दारात उभं. संस्थानात दुसरं कॉलेज घेणार नाही. वर्ष तर गेलंच, पण पुढचं सगळंच अधांतरी.

दार उघडलं ते संस्थानाबाहेर. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते केदार. त्यांनी या मुलांना प्रवेश दिला. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही या काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांतले.

आता गंमत अशी, की ही मुलं कोणत्या शाळेची 'माजी विद्यार्थी'? जिनं हाकललं तिची? कागदावर त्यांची बॅचच नव्हती. पण 'वंदे मातरम् चळवळीतला विद्यार्थी' ही ओळख त्यांना जन्मभर पुरली. त्यातले बरेच जण परत आले आणि स्वामीजींच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते झाले. त्या संघटनेवर १९३८ पासून १९४६ पर्यंत बंदी होती. बंदीच्या काळात सभासदांची यादी जवळ बाळगणं म्हणजे पोलिसांच्या हाती आयता पुरावा देणं. मग विश्वास कुणावर ठेवायचा? ज्याच्यासोबत एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, त्याच्यावर. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, त्यामागं असल्या नात्यांचाही वाटा आहे.

आणि मला खरी मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. लढा संपल्यावर ही मंडळी आठवणी काढत बसली नाहीत. आपल्याला जे मिळालं नाही, ते पुढच्या पोरांसाठी उभं करायला लागली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्यामागं स्वामीजी आणि त्यांचे सहकारी होते. त्याच कॉलेजचे पुढं प्राचार्य झाले नरहर कुरुंदकर, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या कुरुंद्याचे.

पण एक बाजू सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ही साखळी मुख्यतः पुरुषांची, आणि त्यातही ज्यांच्या घरात अक्षर आधीच पोचलं होतं त्यांची. ज्यांना शाळेचा उंबराच ओलांडू दिला नव्हता, त्यांना 'माजी विद्यार्थी' कुठून होता येणार? म्हणून त्याच १९५० सालातली दुसरी घटना तितकीच महत्त्वाची: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरची पहिली पिढी तिथं शिकली. प्राध्यापक गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' याच वातावरणातून आलं आणि दलित लेखकांच्या कित्येक पिढ्यांना हक्काची जागा मिळाली.

दोन्हीकडं सूत्र एकच. आपल्यामागं दार बंद होऊ द्यायचं नाही.

आता पुन्हा आपल्या मेळाव्याकडं येऊ. माजी विद्यार्थी शाळेला पाण्याची टाकी देतात, टीव्ही देतात, भिंती रंगवून देतात. चांगलंच आहे. पण जिंतूरच्या किंवा पालमच्या पोरीला दहावीनंतर पुण्यात, संभाजीनगरात जायचं असतं, तेव्हा तिला टाकी नको असते. तिला माणूस हवा असतो. फॉर्म कुठं भरायचा, जातपडताळणीचे कागद कसे काढायचे, वसतिगृह मिळेपर्यंत पहिला महिना कुठं राहायचं. आणि तुमच्या ग्रुपवर पुण्यातलेच पाच-सात जण असतात.

तर पुढच्या मेळाव्यात दहा मिनिटं बाजूला ठेवा. मुख्याध्यापकांना एकच विचारा: गेल्या वर्षी दहावी होऊन कोण कोण घरी बसलं? नावं मिळतील. मग ती नावं ग्रुपवर टाका, आणि कोण कुणाला फोन करणार ते तिथंच ठरवा.

भेटू पुढच्या भागात.